मालवणी थाळीत पेज का नसते?

सिंधुदुर्ग किल्ला पाहून होडीने मालवणच्या धक्क्यावर परतलेला पर्यटक दुपारी जेवायला बसतो, तेव्हा त्याच्यासमोर येणारे ताट बहुधा ठरलेले असते. सुरमईची तळलेली तुकडी, कोलंबीचे किंवा बांगड्याचे कालवण, तिसऱ्यांचे सुके, कोंबडीचा रस्सा, फुगलेले वडे, पांढरा भात आणि वाटीत गुलाबी सोलकढी. फलकावर लिहिलेले असते, ‘पारंपरिक मालवणी थाळी’.

यातला एकही पदार्थ खोटा नाही. सारे काही याच मातीतले, याच खाडीतले. तरीही शंभर वर्षांपूर्वी मालवण तालुक्यातील एखाद्या कुळाच्या घरी वर्षाचे तीनशे दिवस काय शिजत होते, असे विचारले तर या ताटातला भातसुद्धा उत्तरात नीट बसत नाही. हे ताट परंपरेतले आहे, पण परंपरेतल्या सणाच्या दिवसाचे आहे. रोजचे जेवण कुठे गेले आणि सणाचे जेवण रोजचे कसे झाले, याचा हा धागा. थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

सुरुवात भातापासून करू. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. खाडीकाठच्या आणि डोंगरांमधल्या सखल पट्ट्यांत भातशेती, आणि वर कातळावर, उतारावर ‘वरकस’ जमीन. सखल जमीन थोडी, वरकस फार. वरकस जमिनीत नाचणी, वरी, हरीक होई. कुळाने पिकवलेल्या भातातला मोठा हिस्सा खंड म्हणून जमीनमालकाच्या कोठारात जात असे. रत्नागिरी जिल्ह्यात (मालवण तालुका १९८१पर्यंत याच जिल्ह्यात होता) गावोगावी खोतांचा अंमल होता. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले. प्रत्यक्ष कायदा १९४९ साली झाला. कूळकायदा १९४८चा. म्हणजे भात पिकवणाऱ्या माणसाच्या ताटात भात निर्वेधपणे पडू लागला, त्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत.

म्हणून मालवणी सणाच्या पदार्थांकडे नीट पाहावे. घावणे, आंबोळ्या, शिरवाळे, खापरोळी, उकडीचे मोदक, पातोळ्या. सगळे तांदळाचे. जे धान्य हातातून जात होते त्याचेच लाड सणाला होत होते.

रोज खायची ती पेज. उकड्या तांदळाची, मिठाची, भरपूर पाण्याची. उकडा तांदूळ म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. भात, म्हणजे साळीसकट दाणा, पाण्यात भिजवून मोठ्या भांड्यात उकडतात, तूस फुटू लागले की उपसून उन्हात वाळवतात आणि मग कांडतात. असा तांदूळ कांडताना कमी तुटतो, जास्त टिकतो आणि पोटात अधिक वेळ राहतो. यामागे एक रासायनिक कारणही आहे. उकडताना वरच्या थरातली ‘ब’ जीवनसत्त्वे दाण्याच्या आत शिरतात आणि तूस-कोंड्याबरोबर फुकट जात नाहीत. हे शास्त्र विसाव्या शतकात समजले. उकडा तांदूळ खाणाऱ्यांनी ते त्याआधीच पोटात घातले होते.

पेजेची वेळ सकाळी दहा-अकराची. पहाटे शेतावर गेलेला माणूस परत आला की पेज. पेजेबरोबर मिठात मुरवलेली कैरी, फणसाची भाजी किंवा निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा. संध्याकाळी नाचणीची भाकरी किंवा भात आणि कुळथाची पिठी.

कुळीथ हे या कथेतले फार मोठे आणि फार दुर्लक्षित पात्र आहे. भात कापून झाला की जमिनीत उरलेल्या ओलीवर ते येते. पाणी नको, खत नको. कुळीथ भाजून, भरडून, दळून ठेवले की पीठ वर्षभर टिकते. पावसाळ्यात बाजार दूर, होड्या किनाऱ्याला लागलेल्या, परसात भाजी नाही, अशा वेळी दोन चमचे पीठ, लसूण, मिरची, दोन आमसुले आणि उकळते पाणी एवढ्यावर कालवण उभे राहते. डाळ विकत घ्यावी लागते, कुळीथ घरचे. आज पिठीला लोक प्रेमाने ‘गरिबांचे कालवण’ म्हणतात. त्यातला ‘गरिबांचे’ हा शब्द आता सुखवस्तू माणसाच्या तोंडी असतो, ही गोष्ट वेगळी.

आता मासे. ‘किनाऱ्यावरचा माणूस रोज ताजी मासळी खातो’ हा समज घाटमाथ्यावर पक्का आहे. वास्तविक पावसाळ्यात समुद्र बंद. सध्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी कायद्याने बंदी असते. पूर्वी कायद्याची गरज नव्हती, दर्याच बंद करीत असे. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग होड्या पाण्यात जात. मधल्या काळाची तरतूद म्हणजे सुकी मासळी: सुकट, गोलमा, खारे बांगडे. आणि जेव्हा ताजी मासळी असे तेव्हाही घरात येणारी सुरमई नव्हे. बांगडा, तारली, पेडवे. गड आणि कर्ली या नद्यांच्या खाडीत ओहोटीच्या वेळी बायकांनी वेचलेल्या तिसऱ्या, कालवे, पकडलेल्या कुर्ल्या. रापण ओढायला हात लावणाऱ्यालाही मासळीचा वाटा मिळे. सुरमई, पापलेट ही विकायची मासळी होती.

मासे खारवायचे तर मीठ हवे, आणि मिठावर इंग्रज सरकारचा कर होता. कराच्या मिठाने बांगडा खारवणे परवडत नसे, म्हणून सरकारने रत्नागिरी आणि कारवारच्या किनाऱ्यावर मासे खारवण्याची आवारे उघडली. तिथे सवलतीचे मीठ मिळे, पण देखरेखीखाली, आवारातच वापरण्यासाठी. घरी नेलेले मीठ महागच. १९३० सालच्या मे महिन्यात वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, तेव्हा या भागातील माणसाला त्या लढ्याचा अर्थ भाषणातून समजावून घ्यावा लागला नसेल. त्याच्या शिंक्यावरच्या मडक्यातच तो होता.

आता थाळीच्या दिमाखदार बाजूकडे येऊ.

वडे-सागोती हा आज मालवणी जेवणाचा झेंडा. वड्याचे पीठ तांदूळ, उडीद, चणाडाळ, थोडे गहू किंवा ज्वारी, धणे, मेथी असे जाडसर भरडून करतात. तेलात तळायचे. कोंबडा गावठी. यातली एकेक गोष्ट मोजून पाहा: तांदूळ, विकतची डाळ, तळणाचे तेल आणि अंडी घालणाऱ्या कोंबड्यांच्या घरातला एक कोंबडा. हे मंगळवारचे जेवण असूच शकत नाही. कोंबडा कापला जाई तो देवाच्या नावाने. शेताच्या, गावाच्या राखणदाराला वर्षातून एकदा ‘राखण’ दिली जाते, तिचा मान कोंबड्याचा. त्याखेरीज आषाढातल्या अमावास्येला, गौरीच्या सणाला, जावई किंवा मुंबईचा पाहुणा आला तर. ब्रॉयलर कोंबडी आणि गिरणीचे तयार पीठ आल्यावर राखणदाराचे जेवण बारमाही झाले.

सोलकढीची कथा निराळी, पण वळण तेच. रातांबा हे कोकमाचे फळ सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचे, अगदी इथलेच. एप्रिल-मे महिन्यांत पिकते. फळ फोडून साल काढतात, त्याच फळाच्या रसात ती पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवतात, आणि ती होते आमसूल किंवा सोल. मीठ घालून साठवलेला रस म्हणजे आगळ. बियांतून निघणारे घट्ट तेल पावसात फुटलेल्या टाचांना लावतात. फळाचे काहीही फेकत नाहीत. पण घरात रोज व्हायची ती तिवळ: सोलांचे पातळ सार, वर हिरवी मिरची, कोथिंबीर, नारळाच्या रसाशिवाय. नारळ हे विकायचे पीक होते. आख्खा नारळ खवून, वाटून, पिळून त्याचा दाट रस कढीत ओतणे ही चैन होती, पाहुण्यांसाठीची. आणखी एक निरीक्षण. वाळलेल्या सोलांची कढी मंद, किंचित मळकट रंगाची होते. हॉटेलातील वाटीतला तो लखलखीत गुलाबी रंग बहुधा ताज्या आगळाचा असतो आणि क्वचित बिटाचाही.

सिंधुदुर्ग किल्ल्याचा इथे उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. कुरटे बेटावर १६६४ साली ज्याचा पाया घातला त्या किल्ल्यात, चहूबाजूंनी खारे पाणी असताना, गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. त्यांची नावे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. खाऱ्या समुद्रात पहारा करणाऱ्या माणसांनी पाण्याला दिलेली ही नावे वाचून त्यांच्या शिध्यात काय कमी पडत असावे, याचा अंदाज करावासा वाटतो.

‘मालवणी तिखट’ तरी जुने आहे ना, असे कुणी विचारील. मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतला, त्यानंतर त्या शतकात त्यांच्या जहाजांतून ती या किनाऱ्याला लागली. शब्दच साक्ष देतो. मालवणीत मिरचीला ‘मिरसांग’ म्हणतात, म्हणजे मिऱ्याची शेंग. आधी ओळखीचे होते ते मिरे. नव्या वस्तूला जुन्याचे नाव दिले. तोवर या किनाऱ्याचा तिखटपणा मिरी, पिंपळी, आले आणि तिरफळ यांचा. तिरफळ मात्र अजून टिकून आहे. काटेरी खोडाच्या रानझाडाचे हे फळ, बी काढून नुसते टरफल वापरायचे. बांगड्याच्या कालवणात ठेचून टाकायचे आणि खाताना बाजूला काढायचे. जिभेला हलकी झिणझिणी येते. चीनच्या सेचुआन प्रांतातली प्रसिद्ध मिरी याच कुळातली. मिरची येण्यापूर्वीच्या मालवणी चवीचा अंदाज घ्यायचा असेल तर तिरफळाच्या कालवणातून मिरची मनातल्या मनात वजा करावी.

काजूही ब्राझीलचा. त्याचे नाव तिथल्या तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आले. आज ‘वेंगुर्ला काजू’ला भौगोलिक मानांकन आहे आणि ओल्या काजूची उसळ ही मालवणी उन्हाळ्याची खूण मानली जाते. याला मी विसंगती मानत नाही. चारशे वर्षे एखाद्या कातळावर तग धरून राहिलेल्या झाडाला गावकीत घेणे रास्तच आहे.

मसाल्याची गोष्ट मात्र बंदराची आणि घाटाची एकत्र आहे. मालवणी मसाल्यातील सुकी मिरची घाटावरून येई, धणे घाटावरचे; लवंग, दालचिनी, नागकेशर, दगडफूल, बडीशेप, बाद्यान यांतले काही समुद्रापलीकडचे. वेंगुर्ले हे मोठे बंदर. डचांनी सतराव्या शतकात तिथे वखार घातली होती. घाटातून धान्य, मिरची, गूळ खाली उतरे, आणि मीठ, नारळ, सुकी मासळी वर चढे. हे सारे भाजून, डंकावर कुटून पावसापूर्वी बरणीत भरले की वर्षाची बेगमी झाली. या मसाल्याचा एक गुण पुढे फार महत्त्वाचा ठरला: तो प्रवास करू शकत होता.

कारण आता मुंबई येते.

१८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली, आणि पुढच्या अर्धशतकात रत्नागिरी जिल्हा हा गिरणी कामगारांचा सर्वांत मोठा पुरवठादार ठरला. जमीन थोडी, खंड जड, म्हणून पुरुष बोटीने मुंबईला. बायका, मुले, म्हातारे गावात. परळ-लालबागच्या एकेका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीने झोपणारे. जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे बहुधा आपल्याच मुलखातल्या एखाद्या बाईचे घर. दोन वेळचे जेवण, पैसे पगाराच्या दिवशी. रविवारी सामिष. या बायकांच्या कष्टांची नोंद गिरण्यांच्या इतिहासात फार काळ झालीच नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा कुठे त्यांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळण्याची वाट निघाली.

चाकरमानी गणपतीला, शिमग्याला गावी जाई आणि परतताना डबे घेऊन येई. त्या डब्यांत काय असे? मसाला, कुळथाचे पीठ, सोले, सुकट, वड्यांचे पीठ. म्हणजे जे सुकते आणि टिकते ते. ताजे तिरफळ, तवसे, खाडीतली कालवे, पेजेबरोबरची कोवळ्या फणसाची भाजी डब्यात बसत नव्हती. माझ्या मते आपण आज ज्याला मालवणी जेवण म्हणतो ते दोन चाळण्यांतून गाळून आले आहे. पहिली चाळणी या डब्याची. दुसरी सणाची: चाकरमानी गावी असे तेव्हा घरात सण असे, त्यामुळे गावचे जेवण म्हणून त्याच्या आठवणीत राहिले ते वडे, सागोती, नारळाचा रस. आई त्या आठ दिवसांत पेज वाढत नसे. इतर दिवशी ती स्वतः काय खात होती, हे त्याने पाहिलेच नाही.

‘मालवणी’ हे नावही मला मुंबईतच रुळलेले वाटते. वेंगुर्ले, देवगड, कुडाळ, सावंतवाडी इथल्या माणसाला आपल्या जेवणाला मालवणी म्हणण्याची गरज गावात पडत नाही. शिवाय गावात ते एक जेवणही नव्हते. गाबितांच्या घरचे माशाचे कालवण वेगळे, सारस्वतांचे वेगळे, मराठा, भंडारी, महार, ख्रिस्ती घरांतले वाटप आणि आंबटाचे प्रमाण वेगळे. परगावी गेल्यावर सगळ्यांवर एकच पाटी लागते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मिटलाच नाही, गिरण्या हळूहळू बंद पडल्या. खानावळी ओस पडल्या. पुष्कळ माणसे गावी परतली. त्यांनी शहरात पाहिलेली एक गोष्ट बरोबर नेली: आपले जेवण विकता येते. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, आणि तारकर्ली-देवबागच्या घरांवर थाळीचे फलक लागले. येणारा पर्यटक मुंबईतील मालवणी जेवणाची ओळख घेऊनच आला होता. त्याला तेच वाढले गेले. मुंबईला गेलेले ताट असे गावी परतले, आणि त्यात पेज नव्हती.

त्यात तक्रार करण्याजोगे काय, असे कुणी म्हणेल. थाळीने शेकडो घरे चालवली आहेत, विशेषतः बायकांच्या हातात पैसा आला, ते मोलाचेच. परंतु सुरमईची मागणी बारमाही झाली की मासेमारीही तशी होते. यांत्रिक पर्ससीन जाळी आणि रापणकर यांचा झगडा मालवणच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे धुमसत आहे. २०१६ साली राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी वाद शमलेला नाही. आणि थाळीत ज्याला जागा नाही ते शेतातूनही जाते. वरकस जमिनीवर नाचणीऐवजी काजूच्या बागा उभ्या आहेत. कुळीथ पेरणारे हात कमी झाले.

शेवटी एका पदार्थाबद्दल, कारण तो कोणत्याही डब्यात बसला नाही. धोंडस. पावसाळ्याच्या अखेरीस वेलावर पिकून पिवळे झालेले मोठे तवसे किसायचे, त्यात तांदळाचा रवा, गूळ, खोबरे, वेलची. जाड बुडाच्या पातेल्यात हळदीची पाने अंथरून मिश्रण ओतायचे, खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे. वरखाली सारखी धग लागून ते तास-दीड तासात खरपूस होते. हे भट्टीशिवाय केलेले भाजकाम आहे, आणि त्याला गरज असते ती चुलीची, वेलीवरच्या जून तवशाची आणि बसून निखारे बदलणाऱ्या माणसाची. गॅसच्या शेगडीवर ते होते, पण वरची साय तांबूस होत नाही.

आपल्या घरी धोंडस निखाऱ्यांवर होत असे का, तवशाला आपल्या गावात काय म्हणतात आणि पेजेबरोबर तोंडी लावायला काय असे, ते खाली जरूर लिहावे. आजीच्या हातचे प्रमाण कुणाला आठवत असेल तर तेही, वाटी-चमच्यात नसले तरी चालेल.